‘कमीत कमी’चे चिन्ह कोणते?

‘कमीत कमी’ या शब्दांत ‘कमी’ दोनदा येते, तरीही बीजगणितात त्यासाठी ≥ हेच चिन्ह लिहावे लागते. ‘कमीत कमी ४०’ म्हणजे ४० ही खालची मर्यादा. राशी तेवढी असली तरी चालेल, मोठी असली तरी चालेल. शाब्दिक उदाहरणावरून असमानता मांडताना होणाऱ्या बऱ्याचशा चुका आकडेमोडीत नव्हे, तर अशा वाचनात होतात. ‘जास्तीत जास्त’ आणि ‘फार तर’ यांसाठी ≤ येते, तर नुसत्या ‘पेक्षा कमी’मध्ये सीमेवरची संख्या धरायची नसते, म्हणून < पुरते. हा भेद बोलीत सहज होतो, चिन्हांत तो उशिरा आला: < आणि > ही चिन्हे इंग्रज गणितज्ञ थॉमस हॅरियट यांच्या मरणोत्तर ग्रंथात १६३१ मध्ये छापली गेली, तर समानता सामावून घेणारे चिन्ह फ्रेंच गणितज्ञ प्येर बुगेर यांनी १७३४ मध्ये वापरले.

एक प्रत्ययही घोटाळा करू शकतो. ‘क्ष हा ५ पेक्षा कमी आहे’ हे विधान आहे, म्हणून क्ष < ५. पण ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ ही नुसती राशी आहे, क्ष − ५.

समजा, ६०० किलोग्रॅम क्षमतेच्या लिफ्टमध्ये ७० किलोग्रॅम वजनाचा चालक आहे आणि प्रत्येक खोके २५ किलोग्रॅमचे आहे. ‘क्ष म्हणजे खोकी’ असे मोघम लिहून भागत नाही; क्ष ही खोक्यांची संख्या आहे. मग ७० + २५क्ष ≤ ६००, म्हणजेच क्ष ≤ २१.२. इथे जवळच्या पूर्णांकात रूपांतर करण्याच्या नेहमीच्या सवयीने नव्हे, तर मर्यादेमुळे उत्तर २१ येते, उत्तर २१.८ आले असते तरी २१ च खोकी चढवता आली असती.

टाकीत ५०० लीटर पाणी आहे, मिनिटाला ८ लीटर बाहेर जाते आणि क्ष मिनिटांनंतर निदान १२० लीटर उरायला हवे, तर ५०० − ८क्ष ≥ १२०. यावरून −८क्ष ≥ −३८०. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते, म्हणून क्ष ≤ ४७.५. मिनिटे अपूर्णांकात चालतात, म्हणून इथे काहीही सोडायचे नाही. चिन्ह उलटायचे राहिले, तर ४० मिनिटे घालून पाहावे: १८० लीटर उरतात, अट पाळली जाते, आणि तरीही क्ष ≥ ४७.५ हे चुकीचे उत्तर ४० ला नाकारते.