साखर कामगार आणि ऊसतोड कामगार: एकाच गेटवरचे दोन संप

साखर हंगाम जवळ आला की एक बातमी हमखास छापून येते. मथळा 'साखर कामगार संपाच्या पवित्र्यात' आणि खाली फोटो डोक्यावर उसाची मोळी घेतलेल्या बाईचा. त्या बाईचा त्या संपाशी काडीचा संबंध नसतो. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका बॉयलर अटेंडंटकडे पाहुण्यांनी पार्टी मागितली. त्या बिचाऱ्याचा पगार तीन महिने थकला होता.

साखर कामगार म्हणजे कोण, हे वाचकाला सांगायला नको. मिलवर, बॉयलिंग हाउसला, पॅनवर, काट्यावर, शेतकी ऑफिसात काम करणारा, कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेला माणूस. त्याचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो, ग्रॅच्युइटी मिळते, निदान मिळायला हवी. १९५७ साली केंद्र सरकारने साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमलं, तेव्हापासून त्याच्या पगाराला एक चौकट आहे. महाराष्ट्रात पुढे त्रिपक्षीय समित्या आल्या: सरकार, साखर संघ (सहकारी कारखान्यांची संघटना) आणि कामगार संघटना. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा साखरेलाही लागू होता, म्हणजे वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला, ही मुंबईच्या गिरणगावात झाली तीच सगळी भानगड इकडेही होती. २०२१ मध्ये त्यांचा १२ टक्के वाढीचा करार झाला. ही कथा गिरणी कामगाराच्या कथेची चुलत बहीण आहे. ती आपल्याला पाठ आहे, म्हणून इथेच सोडतो.

ऊसतोड कामगार म्हणजे बीड, पाथर्डी-शेवगाव, जालना, परभणी, चाळीसगाव, नंदुरबार, जत अशा भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन निघणारा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परतणारा माणूस. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, शिवाय बेळगावकडचे कारखाने हे त्याचे मुक्काम. मोजमाप कोयत्यात होतं. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. टोळीत दहा कोयते असले तरी माणसं वीस असतात, आणि पावती-वहीत त्यातल्या निम्म्यांचं, म्हणजे बायकांचं, नाव नसतं.

बाकीचे फरक डोळ्यांना दिसतात. एकाला महिन्याला पगार, दुसऱ्याला टनावर मजुरी. एक कॉलनीत राहतो, दुसरा शेताच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत. साखर कामगारांतही बरेच लोक हंगामी असतात, त्यामुळे 'हंगामी म्हणजे तोडणीवाला' हा हिशोबही चुकीचा. कारखान्यातल्या हंगामी माणसाला बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता मिळतो. तोडणीवाल्याला पावसाळ्यात मिळते ती पुढच्या वर्षाची उचल, म्हणजे अंगावर घेतलेली आगाऊ रक्कम. यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही, कारण चळवळ समजून घ्यायला या फरकांचा फारसा उपयोग होत नाही.

लोक अडखळतात ते मालकाच्या प्रश्नावर. दोघांच्या करारावर समोरच्या बाजूने सही राज्य सहकारी साखर कारखाना संघाचीच असते. म्हणून वाटतं की दोघांचा मालक एकच, एकाला जास्त मिळतं, दुसऱ्याला कमी, आणि तोडणीवाले जरा नीट संघटित झाले की तेही कॉलनीत राहायला येतील. हे तीनही समज एकदम खोटे आहेत.

मालक शोधायचा तर भाषणं ऐकू नका, पैसा कुठल्या खात्यात पडतो ते बघा. साखर कामगाराचा पगार हा कारखान्याचा खर्च. तोडणीची मजुरी मात्र कारखान्याच्या खर्चात धरलीच जात नाही, ती शेतकऱ्याच्या बिलातून वजा होते. केंद्र सरकार उसाची एफआरपी, म्हणजे किमान रास्त भाव, ठरवतं. त्यातून तोडणी आणि वाहतूक कापून उरलेली रक्कम शेतकऱ्याच्या खात्यावर येते. म्हणजे कागदोपत्री चित्र असं, की ऊस शेतकऱ्याचा, तो तोडून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोचवायची जबाबदारी शेतकऱ्याची, कारखान्याने फक्त त्याच्या वतीने माणसं आणि वाहनं जमवून दिली. कारखाना 'हे आमचे कामगार नाहीत' असं म्हणतो ते या आधारावर. शेतकऱ्याला विचारा, तो म्हणेल, 'माझ्या रानात कुठली टोळी येणार हे मला आदल्या दिवशी कारखान्याचा चिटबॉय सांगतो. मी कसला मालक?' तेही खरं.

मध्ये आणखी पायऱ्या आहेत. कारखान्याच्या सावलीत एक तोडणी-वाहतूक संस्था असते. ती वाहतूकदाराशी, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रकवाल्याशी, करार करून त्याला आगाऊ पैसे देते. वाहतूकदार मुकादमाला, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराला, देतो. मुकादम गावात जाऊन कोयत्याला उचल देतो, बहुतेकदा स्टॅम्पपेपरवर हातउसने म्हणून लिहून. काट्यावरची पावती हातात घेऊन बघा: शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, उसाची जात, वाहन नंबर, वाहतूकदार, फार तर मुकादम. ज्याने ऊस तोडला त्याचा त्या कागदावर पत्ता नाही. वीस वर्षं एकाच कारखान्याला ऊस तोडलेल्या माणसाला ते सिद्ध करायला सांगितलं, तर दाखवायला त्याच्याकडे पाठीवरचे वळ सोडून काही नाही.

उचलीलाही लोक 'अॅडव्हान्स पगार' म्हणतात, आणि तिथे माझं डोकं सटकतं. पगाराचा अॅडव्हान्स घेतलेला माणूस राजीनामा देऊ शकतो. २०२४ च्या करारात डोकी सेंटरचा, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या टोळीचा, तोडणी दर टनाला ३६६ रुपये ठरला. एक कोयता धडधाकट असेल, ऊस चांगला असेल, तर दिवसाला दोनेक टन तुटतो. लाखभर उचल फेडायला या दराने पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो, म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. हंगाम अलीकडे शंभर दिवसांच्या आसपास आटोपतो. उचल फिटत नाही, बाकी पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागतं. वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, चार पैसे सुटतात, त्यावर आठवड्याचा बाजार भागतो.

आता संपाकडे या. साखर कामगार संप करतो तो ऐन गाळपात, किंवा निदान तशी धमकी देतो. यार्डात गाड्या उभ्या, ऊस वाळतोय, रिकव्हरी (साखरेचा उतारा) घसरतेय, अशा वेळी मिल थांबवण्यात त्याची ताकद. तोडणीवाला ऐन गाळपात संप करूच शकत नाही. परमुलखात आहे, कोपीत आहे, बैल आणि पोरं सोबत आहेत, आणि अंगावर कर्ज आहे. फडावर कोयता खाली ठेवला तर तो संपकरी ठरत नाही, पैसे घेऊन काम बुडवणारा ठरतो. म्हणून त्याचा 'कोयता बंद' गावात होतो, निघण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरात. गाड्या भरायच्या नाहीत, घाट उतरायचा नाही. एकदा टोळी फडावर पोचली की वर्षभरासाठी तो दरवाजा बंद. स्थलांतरित मजूर संप करत नाही असं शहरातले अभ्यासू लोक म्हणतात तेव्हा ते त्याला कारखान्याच्या गेटवर शोधत असतात. त्याचा संप बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणीच्या एसटी स्टँडवर होऊन गेलेला असतो.

आणि हा संप पुकारतो कोण? इथे दुसरी गाठ आहे, पहिलीतूनच आलेली. साखर कामगारांच्या युनियनमध्ये चीफ इंजिनिअर सभासद नसतो. तोडणीच्या बहुतेक संघटनांच्या मात्र नावातच कामगारांच्या जोडीला मुकादम आणि वाहतूकदार असतात. दर वाढवून घेण्यात तिघांचाही फायदा, कारण मुकादमाचं कमिशन तोडणीच्या बिलावर टक्क्यांनी मिळतं. २०२४ च्या करारात ते १९ वरून २० टक्के झालं. पण उचलीचा हिशोब, खाड्याचा दंड, आजारी बाईचे कापलेले पैसे हे विषय निघाले की सभेतले दोन कोपरे एकमेकांसमोर येतात, म्हणून ते विषय निघतच नाहीत. मुकादमाला खलनायक करून मोकळं होणंही मला पटत नाही. टोळी पळाली तर वाहतूकदार त्याच्या दारात उभा राहतो, आणि मुकादमांनी बुडवलेले वाहतूकदारही कमी नाहीत. त्यातले बरेच मुकादम काल स्वतः कोयता धरणारे होते. तरीही ज्याला पैसे देणं आहे आणि ज्याच्याकडून घेणं आहे ते एकाच संघटनेत असतील, तर ती संघटना दराच्या पुढे जात नाही, हे मान्य करायला हवं. सिटूसारख्या डाव्या संघटनांनी मजुराचे प्रश्न वेगळे मांडायचा प्रयत्न केला आहे, पण वाटाघाटीची मुख्य रीत अजून लवादाचीच.

ती रीतही साखर कामगारांना अनोळखी आहे. त्यांची समिती सरकार नेमतं. इकडे बबनराव ढाकणे, पुढे गोपीनाथ मुंडे असे त्याच मातीतले नेते उभे राहिले, आणि शरद पवार व गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाने दर ठरवायचा असा प्रघात पडला. मुंडेंच्या पश्चात ती जागा पंकजा मुंडे यांच्याकडे आली. मुंडे हे परळीच्या वैद्यनाथ साखर कारखान्याचेही संस्थापक होते. साखर कामगारांच्या पुढाऱ्याने कारखाना काढला असता तर गहजब झाला असता. तोडणीवाल्यांना तो आपल्या माणसाचा मोठेपणा वाटला, आणि त्यांच्या जागी उभं राहिलं तर त्यात नवल वाटत नाही. कोर्टात जाऊन 'माझा मालक कोण' हे ठरवून घेण्यापेक्षा साखर संघाला टेबलाशी बसवू शकणारा माणूस असणं जास्त कामाचं होतं.

कायद्याचं म्हणाल, तर १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा आंतरराज्य मजुरांचा होता. बीडहून बेळगावला गेलेली टोळी त्यात बसायची, बीडहून शिरोळला गेलेली बसायची नाही. दोन फडांत अंतर काही किलोमीटरचं, मधून फक्त राज्याची हद्द जाते. २०२० च्या कामगार संहितेत तो कायदा सामावला गेला, 'आंतरराज्य' मात्र तसंच राहिलं.

म्हणून तोडणीवाल्यांची जुनी मागणी माथाडीसारख्या कायद्याची आहे, साखर कामगारांसारख्या वेतन मंडळाची नव्हे. मला ती जास्त शहाणपणाची वाटते. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचा मालक कोण या वादात न पडता मंडळ नेमलं: काम घेणाऱ्याने नोंदणी करायची, मजुरी आणि लेव्ही मंडळात भरायची, मंडळ हमालाला देणार. मुंबईतले ते हमालही साताऱ्याकडून आलेले स्थलांतरितच होते. तोडणीवाल्यांसाठी गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ निघालं, ग्रामसेवकामार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू झाली, मुलांसाठी वसतिगृहं आली. हे सगळं हवंच होतं. पण मजुरी मंडळामार्फत जात नाही. ती आजही वाहतूकदार, मुकादम, स्टॅम्पपेपर याच वाटेने जाते. महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये भरायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असं ठरलं आहे. तोडणीवाला आपला कामगार नाही म्हणणारे कारखाने हे दहा रुपये कुठल्या नात्याने भरणार, हे पुढच्या लवादात कुणीतरी विचारावं. २०२४ चा करार तीन हंगामांचा होता, म्हणजे ती बैठक २०२६-२७ च्या गाळपाआधी व्हायला हवी.