चाक (यंत्रसंज्ञा)

चाक : आसाभोवती फिरणारा वाटोळा यंत्रभाग. बैलगाडी, कुंभारकाम, विहिरीवरचा रहाट, मोटार अशा सगळीकडे मराठीत हीच संज्ञा चालते. संस्कृत ‘चक्र’, प्राकृत ‘चक्क’, मराठी ‘चाक’ अशी तिची वाट आहे. सप्त–सत्त–सात हे रूपांतरही त्याच नियमाने झाले. गाडीच्या चाकांनी पडणारी ‘चाकोरी’ याच कुळातली.

मूळ शब्द संस्कृतहून जुना. भाषाशास्त्रज्ञ आद्य इंडो-युरोपीय भाषेत (संस्कृत, ग्रीक, फारसी, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेत) त्याचे ‘क्वेक्व्लोस’ असे रूप मानतात. ‘वळणे, फिरणे’ या अर्थाच्या धातूची द्विरुक्ती होऊन ते घडले, आणि फेऱ्यावर फेरा घेणाऱ्या वस्तूला हे नाव शोभतेही. त्याचे ग्रीकमध्ये ‘कुक्लोस’ झाले, जुन्या इंग्रजीत ‘ह्वेओल’ (आजचे ‘व्हील’). मध्य आशियातील लुप्त तोखारी भाषेत ‘कोकाले’ म्हणजे गाडी. अवेस्तेतील (पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातील) ‘चख्र’ची व्यंजने पुढे उलटसुलट झाली आणि फारसीत ‘चर्ख’ उरले.

मराठवाड्यात हे फाटे पुन्हा एकत्र आले. बहमनी काळापासून १९४८ पर्यंत येथे फारसी, दखनी आणि उर्दू यांचा वावर होता. त्यातून उसाचा ‘चरक’ आणि सुताचा ‘चरखा’ रुळले. ‘सायकल’ ग्रीकवरून इंग्रजीमार्गे आली. तेव्हा ‘सायकलचे चाक’ म्हणणारा माणूस एकच शब्द दोनदा उच्चारत असतो!

छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की हे याच शब्दाचे दगडी उदाहरण. ‘चक्की’ हिंदी-उर्दूतून आली, तीही ‘चक्र’ावरूनच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील या गिरणीला डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणले होते. उंचावरून सोडलेला झोत पात्यांवर आदळला की जात्याची वरची तळी फिरे. घरातले ‘जाते’ मात्र वेगळ्या घराण्याचे आहे. ते ‘यंत्र’ या शब्दाचे मराठी रूप.

बैलगाडीच्या चाकाचे भाग सुतार-लोहार आजही जुन्याच नावांनी ओळखतात : मध्ये तुंबा, त्यातून निघणारे आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे (कडेचे वाकडे लाकडी तुकडे) आणि सर्वांत बाहेर लोखंडी धाव. यांतला ‘आरा’ ऋग्वेदातील ‘अर’. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत ती लाल करतात, म्हणजे ती फुगते. मग सांडशीने उचलून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना धाव आक्रसते व पुठ्ठे, आरे, तुंबा एकमेकांत आवळले जातात. ट्रॅक्टर आणि रबरी टायरच्या गाड्या आल्यावर ही कारागिरी मोजक्याच गावांत राहिली. शब्द मात्र टिकला.

कुंभाराच्या चाकाला आरे असोत वा नसोत, वजन लागतेच. काठीने एकदा वेग दिला की जड कड चाकाला फिरते ठेवते, हात मातीसाठी मोकळे राहतात. कुंभार संत गोरोबा काकांचे तेर (जि. धाराशिव) ही प्राचीन तगरनगरी, तेथील उत्खननात सातवाहनकालीन भांडी सापडली आहेत.

उदगीर, निलंगा या तालुक्यांलगतच्या कन्नड सीमेपलीकडे चाकाला ‘गाली’ म्हणतात. ‘चक्र’ कन्नड आणि तेलुगू या दोन्ही भाषांतही आहे, पण ते संस्कृतातून उसने घेतलेले.