मोरीतून चढणारा पूर

२०२४च्या ऑगस्टअखेर पाऊस जरा उघडला, तेव्हा वडोदऱ्यातल्या माझ्या मावशीने माळ्यावर चढवलेलं सामान परत खाली काढलं. "आभाळ मोकळं झालं, आता कसली भीती?" थोड्या वेळाने मोरीत गुडगुड झाली आणि रस्ता कोरडा असताना पाणी मोरीतून वर आलं. शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी त्या पुरात काळा घोडा पुलाशी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे २६ फूट.

पावागढचा डोंगर आणि आजव्याचा तलाव यांच्याकडचं पाणी शहरात पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे पाऊस थांबला तरी नदी चढत राहते. पण मोरीतून पाणी का? शाळेतला प्रयोग आठवा: नळीने जोडलेल्या दोन भांड्यांत पाणी एकाच पातळीला येतं. इथे एक भांडं नदी, दुसरं तुमची मोरी आणि मधली नळी म्हणजे गटार किंवा कांस (पावसाळी नाल्याला वडोदऱ्यात कांसच म्हणतात). नदी मोरीपेक्षा उंच झाली की पाणी उलटं फिरणारच.

गंमत त्याच्याही आधी सुरू होते. नाल्याची खोली तेवढीच धरली, तर पाण्याचा वेग पृष्ठभागाच्या उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. नदी चढून उतार चौथाईवर आला, की वेग निम्मा होतो. मागून येणारं पाणी मात्र तेवढंच, म्हणून नाल्यात पाण्याचा थर वाढत जातो. हाच फुगवटा. विश्वामित्री पुढे ज्या ढाढर नदीला मिळते ती फुगली, तर खुद्द विश्वामित्रीचीही हीच गत होते.

नदी कोपली म्हणून तिची ओटी भरणाऱ्यांची श्रद्धा मी समजू शकते, पण ओटीसोबत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी नाल्याच्या तोंडाशी अडकते आणि फुगवटा वाढवते. "धरण फुटलं" असे मेसेज पुढे ढकलणंही तितकंच घातक.

काळा घोड्याचा आकडा सगळ्यांना कळतो. तो आकडा माझ्या गल्लीत कुठल्या पायरीवर येतो, हे कुठल्याच नकाशात नसतं. कुठलं झाकण आधी उचललं जातं हे सफाई कामगाराला ठाऊक असतं, मोरी कधी बोलू लागते हे घरातल्या बाईला. या माणसांना बसवल्याशिवाय पुराचा आराखडा करू नये. नाल्याच्या तोंडाला एकाच दिशेने उघडणारी झडप बसवली तर नदी आत येत नाही, पण झडप बंद असताना गल्लीत पडलेला पाऊसही बाहेर जात नाही. मग पंप हवा. तो कुठे ठेवायचा आणि रात्री कोण चालवणार, हे तिथे राहणाऱ्यांनीच ठरवायला हवं. अंधारात त्या पाण्यात उतरायचं नाही, हेही. विश्वामित्रीत मगरी आहेत.

मोजणीला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतो, तो तोच शाळेतला प्रयोग. दिवाळीत आम्ही मावशीच्या गल्लीत गवंड्याला बोलावून झाकणं, जोती, पायऱ्या यांची उंची अशीच मोजली. सर्वांत खालचं झाकण कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपुढे निघालं. गिरणीवाले काका म्हणाले, "हे मला केव्हाच विचारायचं होतंत."