भाईगिरीला पर्याय म्हणून नाच: इंदूरची पार्श्वभूमी

टोळ्या आणि नाच यांचा विषय निघाला की न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सचा दाखला येतोच. तिथल्या टोळ्यांनी डिसेंबर १९७१ मध्ये तह केला, हद्दी सैल झाल्या आणि पुढे १९७३ पासूनच्या पार्ट्यांत ब्रेकिंग, म्हणजे ब्रेकडान्स, रुजलं. इंदूरची गोष्ट सुरू होते ती गिरण्या बंद पडण्यापासून.

तिथल्या हुकुमचंद मिल या कापड गिरणीला डिसेंबर १९९१ मध्ये टाळं लागलं. कामगारांच्या थकबाकीचे सुमारे २२४ कोटी हाती पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. परदेशीपुरा, नंदानगर, पाटणीपुऱ्यातल्या ज्या घरांतून बाप पाळीवर जायचा, तिथल्या पोरांसाठी ती वाटच बंद झाली. अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, टिकल्या, त्यांच्यामागे लाठी-बनेटी फिरवणारे आखाडेही टिकले. पण आखाडा पोराला गुंतवून ठेवतो, पोट भरत नाही. पोलिसांच्या हाती राज्याच्या १९९० च्या सुरक्षा कायद्यातलं जिलाबदर, म्हणजे जिल्ह्यातून तडीपारी, होतं. मुदत संपली की पोरगं परत त्याच नाक्यावर.

सप्टेंबर २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि टिकटॉकवर नाचाच्या पंधरा सेकंदांच्या व्हिडिओला गल्लीबाहेरचा प्रेक्षक मिळाला. मग आली २९ जून २०२०. गलवानमधल्या भारत-चीन चकमकीनंतर दोनच आठवड्यांत टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्स बंद झाली. कारण सुरक्षेचं होतं आणि त्यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो पद्धतीवर, आणि तो रास्तच होता. वर्षभर जमवलेले फॉलोअर दुसरीकडे नेण्याची ना सोय होती, ना मुदत. जुलैमध्ये इन्स्टाग्रामचं रील्स आलं, तेव्हा ज्यांचं तिथे आधीपासून बस्तान होतं ते पुढे निघाले. बाकीच्यांची पाटी कोरी. बंदीच्या बाजूचे सुरी, गावठी कट्टा दाखवणाऱ्या व्हिडिओंकडे बोट दाखवत. पण ते व्हिडिओ बंदीने थांबले नाहीत, नव्या अ‍ॅपवर गेले. शिवाय शेजारच्या उज्जैनमध्ये एका पोराच्या टोळीने कपाळी टिळा, डोळ्यांत काजळ, खांद्यावर काळा गमछा असं रूप करून आपली जाहिरात चालवली होती, ती फेसबुकवर. तो पोरगा सप्टेंबर २०२० मध्ये, विशीच्या उंबरठ्यावरच, मारला गेला. त्याच्या नावाची पेजेस नंतरही चालत राहिली. थोडक्यात, फोन भाईगिरी आणि नाच या दोन्ही धंद्यांना सारखाच उपयोगी पडला.

नाचणाऱ्यांचा पैसा व्ह्यूजमधून क्वचितच येतो. रील ही दुकानाची पाटी. कमाई लग्नाच्या ‘संगीत’ची. मेसेज येतो, यूपीआयवर बयाणा पडतो, मग दिवाणखान्यातला सोफा भिंतीला लावून काकू-मावश्यांना दोन गाण्यांच्या स्टेप्स बसवायच्या. आठ मात्रांत न बसणारी मावशी सगळ्यात पुढच्या रांगेत उभी राहणार, हेही ठरलेलं. पॅरिसमध्ये २०२४ ला ब्रेकिंग ऑलिंपिकला पोहोचलं, २०२८ च्या यादीत ते नाही. इथल्या हिशेबात त्याने फरक पडत नाही. फरक पडतो चातुर्मासाने. देवशयनीपासून देवउठनीपर्यंत मुहूर्त नसतात, बुकिंग आटतं, आणि तेवढे महिने भागतात ते नवरात्राआधीच्या गरब्याच्या क्लासांवर.