पार्श्वभूमी : चाकोऱ्या लक्षात ठेवणारी ‘सेगा रॅली’ मागे का पडली?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जे आज तिशी-चाळिशीत आहेत, त्यांना गाड्यांच्या गेमचं नाव विचारलं तर ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड’ ही दोन नावं लगेच येतात. टिळकवाडीतल्या, कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आपण हेच खेळलो. सेगा या जपानी गेम कंपनीची 2007 सालची ‘सेगा रॅली’ मात्र फार थोड्यांच्या वाट्याला आली. अमेरिकेत ती ‘सेगा रॅली रेव्हो’ या नावाने विकली गेली. ज्यांना ती मिळाली, ते आजही जुनी डिस्क सांभाळून आहेत आणि दोघे भेटले की तिच्याबद्दल तासभर बोलू शकतात. मीही त्यांतलाच. एवढा चांगला खेळ दुर्लक्षित कसा राहिला आणि आपल्या भागातल्या लोकांना तो इतका जवळचा का वाटला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात 1994 ची. सेगाने जपानमध्ये ‘सेगा रॅली चॅम्पियनशिप’ हे आर्केडचं यंत्र काढलं. बसायला सीट, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि नाणं टाकून खेळायचं. आत ‘मॉडेल 2’ हा सेगाचा त्या काळातला जबरदस्त बोर्ड होता. दिग्दर्शक तेत्सुया मिझुगुची. पुढे ‘रेझ’ आणि ‘लुमिनेस’ हे अगदी वेगळ्या धाटणीचे खेळ त्यांनीच केले. त्यांच्यासोबत केंजी सासाकी होते. ते त्याआधी नामको कंपनीत ‘रिज रेसर’वर काम करून आलेले.

त्या काळी आर्केडमध्ये गाड्यांचे खेळ म्हणजे डांबरी ट्रॅक. रस्ता गुळगुळीत, वळणं गोलाकार, आणि गाडी सगळीकडे सारखीच वागायची. सेगाने यात एकच गोष्ट बदलली, पण ती मुळातून. डांबरावर टायर धरतो, खडी-मुरमावर सुटतो, चिखलात आणखी सुटतो, हे गाडीच्या वागण्यात उतरवलं. डांबरावरून कच्च्या रस्त्यावर उतरताच स्टिअरिंग हलकं झाल्यासारखं वाटायचं, गाडीची शेपटी बाहेर जायची आणि ती सावरत वळण घ्यायचं. आज हे सगळ्याच खेळांत असतं. तेव्हा नव्हतं.

त्यात मुख्य गाड्या दोन. टोयोटा सेलिका जीटी-फोर आणि लान्सिया डेल्टा एचएफ इंटेग्राले. दोन्ही नावं थेट रॅलीच्या, म्हणजे कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरच्या मोटार शर्यतींच्या, मैदानातून उचललेली. लान्सियाने 1987 ते 1992 अशी सलग सहा वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद जिंकलं, आणि सेलिका ही 1994 ची विजेती गाडी. तिसरी गाडी लपवलेली, ती म्हणजे 1974 ते 1976 अशी सलग तीन वर्षं गाजलेली लान्सिया स्ट्रॅटॉस. ती मिळवावी लागे.

शर्यतीचे टप्पे तीन: वाळवंट, जंगल, डोंगर. सुरुवात पंधराव्या क्रमांकावरून. एका टप्प्यात जो क्रमांक मिळाला, तोच घेऊन पुढच्या टप्प्यात जायचं. म्हणजे वाळवंटात हातची गेलेली जागा डोंगरापर्यंत तुमच्या मागे लागायची. तिन्ही टप्प्यांअखेर पहिला आलात, तरच तळ्याकाठचा चौथा रस्ता उघडायचा. शिवाय घड्याळ चालूच. ठरलेल्या वेळेत पुढच्या चौकीपर्यंत पोचला नाहीत तर खेळ संपला. आपल्याकडच्या खाली गाडा, म्हणजे रिकामी बैलगाडी, पळवायच्या शर्यती ज्यांनी बांधावर उभं राहून पाहिल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको: शेजारच्या जोडीपेक्षा डोळा घड्याळावरच असतो. आणि शेजारी बसलेल्या सहचालकाचा तो आवाज, ‘लाँग इझी राइट, मेबी’. हे ‘मेबी’ चाहत्यांच्या तोंडी कायमचं बसलं. अवघड वळणावर दुचाकी घालताना आजही आमच्यातला एखादा मागून तसं ओरडतो.

1995 अखेरीस हा खेळ सेगा सॅटर्न या घरगुती गेम-यंत्रावर आला, पुढे पीसीवरही. 1998 मध्ये ‘मॉडेल 3’ बोर्डावर ‘सेगा रॅली 2’ आली. दिसायला ती कितीतरी पुढची. पण तिची ड्रीमकास्ट या सेगाच्या घरगुती यंत्रावरची आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीई प्रणालीच्या आधारे केलेली होती आणि चित्र मधेच अडखळायचं. रॅलीच्या खेळात चित्र अडखळलं की हात चुकतो आणि हात चुकला की गाडी दरीत. मालिकेची घडी इथे पहिल्यांदा विस्कटली असं माझं मत आहे. 2006 मध्ये प्लेस्टेशन 2 वर आणखी एक भाग आला, पण तो जपानपुरताच राहिला.

दरम्यान इंग्लंडमध्ये वेगळीच गोष्ट घडत होती. 1998 मध्ये कोडमास्टर्स या गेम कंपनीने रॅलीचालक कॉलिन मॅक्रे यांच्या नावाची ‘कॉलिन मॅक्रे रॅली’ काढली. तिचे निर्माते गाय वाइल्डे. वेगवेगळ्या पृष्ठभागांवर गाडी वेगवेगळी वागते ही गोष्ट त्यांना सेगाच्या आर्केड यंत्रात भावली होती आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितलं आहे. ‘कॉलिन मॅक्रे’ खूप चालली. आपल्याकडे पीसीवर रॅली म्हटलं की बहुतेकांना तिचा दुसरा भागच आठवतो. एकेक गाडी सोडायची, सहचालकाच्या सूचना ऐकत टप्पा पार करायचा, गाडी मोडली तर दुरुस्त करायची, असा तो गंभीर खेळ. म्हणजे सेगाने लावलेल्या रोपाचं पीक दुसऱ्याच्या शेतात निघालं.

हे सेगालाही कळत असावं. कारण 2005 मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सॉलिहलमध्ये सेगाने ‘सेगा रेसिंग स्टुडिओ’ उघडला आणि त्याच्या प्रमुखपदी त्याच गाय वाइल्डेंना आणलं. काम एकच: सेगा रॅली पुन्हा उभी करणं.

या मंडळींनी जे केलं त्याला माझ्या मते अजून पुरेशी दाद मिळालेली नाही. 1994 च्या खेळात जमीन वेगवेगळी होती, पण ती जागची हलत नव्हती. 2007 च्या खेळात जमीन बदलू लागली. सहा गाड्या, तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत चिखलाचा रस्ता सपाट. गाड्या गेल्या की चर पडले, कडेला माती साचली, खोलगट जागी पाणी भरलं. दुसऱ्या फेरीत आलात की ते चर तसेच. तुमच्याच चाकांनी आणि पुढच्या पाच गाड्यांनी पाडलेले. त्यात चाक घातलं तर गाडी वेगळी चालणार, बाहेर काढलं तर वेगळी. बर्फात वरचा भुसभुशीत थर बाजूला झाला की खालची घट्ट जमीन लागायची आणि टायर धरायचा. तिसऱ्या फेरीपर्यंत रस्ता असा काही होऊन जायचा की पहिल्या फेरीत शिकलेली वळणं पुन्हा शिकावी लागत. गाडीला लागलेला चिखलही थरावर थर चढायचा आणि पाण्यातून गेलं की धुऊन निघायचा. हे सगळं सेकंदाला साठ चित्रांच्या वेगाने, न अडखळता.

आता खानापूरकडच्या माणसाला हे का भिडलं? जांबोटी, कणकुंबी, आमगावकडे पाऊस कसा कोसळतो हे इथे सांगायची गरज नाही. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की शेतातल्या लाल वाटेवर ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच्या चाकोऱ्या उमटतात. जुलैत त्या गुडघाभर होतात. दुचाकीवाल्याने चाकोरीत चाक घातलं तर बाहेर काढता येत नाही, आणि मधल्या उंचवट्यावरून न्यावं तर राड्यात घसरते. कुठून न्यायची, कुठे गियर पाडायचा, कुठे ब्रेकला हातही लावायचा नाही, हे पोरं दहावीच्या आतच शिकतात. शिवाय निपाणी-चिकोडीकडची काळी माती वेगळी, ती चाकाला चिकटून मडगार्ड जाम करते. अशा मुलांना पडद्यावर पहिल्यांदाच असा खेळ दिसला ज्यात माती मातीसारखी वागते. ‘अरे, गाडी चरीत बसली बघ की!’ असं कोणीतरी ओरडलं की त्याला शिकवावं लागत नसे, तो आपणहून स्टिअरिंग उलटं मारायचा. डांबरी शर्यतींत बेळगाव शहरातली पोरं पुढे असायची, पण या खेळात खेड्यातून कॉलेजला आलेले सरस ठरायचे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीचाही यात थोडा हात आहे. गाड्यांच्या सुट्या भागांचं कास्टिंग आणि मशिनिंग हा बेळगावचा जुना धंदा. घरात कोणी ना कोणी फौंड्रीत किंवा वर्कशॉपमध्ये. त्यामुळे गाडीची चर्चा रंग आणि टॉप स्पीडवर थांबत नाही. पुढची चाकं ओढतात की मागची, फोर-व्हील ड्राइव्हला चिखलात काय फरक पडतो, हे जेवताना बोललं जातं. स्ट्रॅटॉससारखी मागच्या चाकांवर चालणारी, आखूड, चटकन फिरणारी गाडी कोणी निवडली तर तिची अडचण काय आणि मजा काय, हे इथे समजून घेणारे होते.

तरीही खेळ आपटला. कारणं शोधायला फार लांब जावं लागत नाही. ‘सेगा रॅली’ युरोपात सप्टेंबर 2007 च्या अखेरीस आली, अमेरिकेत ऑक्टोबरमध्ये. त्याच सप्टेंबरमध्ये ‘हॅलो 3’ हा एक्सबॉक्सवरचा गोळीबाराचा खेळ आला होता आणि एक्सबॉक्सवाल्यांचे पैसे तिकडे गेले होते. गाड्यांचे खेळ तर त्या वर्षी ओळीने उभे होते: ‘मोटरस्टॉर्म’, ‘फोर्झा मोटरस्पोर्ट 2’, ‘प्रोजेक्ट गॉथम रेसिंग 4’, आणि जूनमध्येच आलेली ‘कॉलिन मॅक्रे : डर्ट’. यातल्या ‘मोटरस्टॉर्म’मध्येही चिखलात चर पडत. त्यामुळे सेगाचं वैशिष्ट्य वरवर पाहणाऱ्याला नवं वाटलं नाही. रॅलीच्या चाहत्यांचं मनही त्या महिन्यात ठिकाणावर नव्हतं. 15 सप्टेंबरला खुद्द कॉलिन मॅक्रे हेलिकॉप्टर अपघातात गेले.

पण माझ्या मते खरी अडचण वेगळी होती. तोवर खेळाची किंमत यादीवरून ठरू लागली होती. गाड्या किती, ट्रॅक किती, गाडी मोडते का, इंजिनात फेरफार करता येतो का. सेगाची यादी छोटी होती. मोजके प्रदेश: सफारी, उष्ण कटिबंधातलं जंगल, कॅन्यन, आल्प्स, आर्क्टिक, आणि शेवटी जुन्या आठवणीचं तळं. गाडीला धक्के बसायचे, पण ती निकामी व्हायची नाही. आर्केडच्या परंपरेत हे बरोबरच होतं. मोडलेल्या गाडीपेक्षा बदललेला रस्ता सांभाळणं हाच त्यातला कस होता. तो कस दोन-चार तास खेळल्याशिवाय हाताला लागत नाही, आणि दुकानात डब्यामागचा मजकूर वाचून तर नाहीच नाही.

आपल्याकडे तर डबाच दिसला नाही. प्लेस्टेशन 3 भारतात एप्रिल 2007 मध्ये आला तो 39,990 रुपयांना. एक्सबॉक्स 360 त्याआधी 2006 मध्ये 19,990 रुपयांपासून मिळू लागला होता. तेव्हाच्या बेळगावात हा आकडा ऐकून बहुतेक घरांत विषयच संपायचा. उरला पीसी. पण कॅफेतल्या यंत्रांत वेगळं ग्राफिक्स कार्ड नसायचं आणि त्याशिवाय हा खेळ धड चालत नसे. कॅफेवाल्यालाही त्याची गरज नव्हती, कारण गिऱ्हाईक ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘नीड फॉर स्पीड’चा ‘मोस्ट वाँटेड’ हा भाग मागत होतं. मग ज्याच्या घरी इंजिनिअरिंगच्या नावाखाली चांगला पीसी घेतला गेला होता, तिथे चार-पाच जण जमायचे. या खेळाचा इथला प्रसार झाला तो असा.

एप्रिल 2008 मध्ये सेगाने स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. त्याच महिन्यात कोडमास्टर्सने तो ताब्यात घेतला, म्हणजे वाइल्डे ज्या कंपनीतून निघाले होते तिच्याच पदरात ही मंडळी पडली. सॉलिहलमध्ये केलेलं काम मात्र पुरतं वाया गेलं नाही. त्याच पायावर 2008 मध्ये ‘सेगा रॅली 3’ हे आर्केड यंत्र आलं आणि 2011 मध्ये सुमो डिजिटल या कंपनीने ‘सेगा रॅली ऑनलाइन आर्केड’ ही छोटी, डाउनलोड करून खेळायची आवृत्ती काढली. त्यानंतर घरगुती यंत्रांवर या मालिकेचा नवा भाग आलेला नाही.

चर पडणारी जमीन पुढे वेगळ्या वाटेने गेली. 2014 चं ‘स्पिनटायर्स’ आणि 2020 चं ‘स्नोरनर’ यांत चिखलाचं काम फारच खोलात जाऊन केलंय. पण तिथे अवजड ट्रक, संथ चाल आणि रुतलेलं चाक बाहेर काढण्याची चिकाटी. आर्केडचा वेग आणि बदलती माती एकत्र देणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. चाहते त्या जुन्या डिस्ककडे परत परत जातात ते त्यामुळेच.

कोणाच्या कपाटात ती सापडली आणि खेळायची इच्छा झाली, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शक्य असल्यास स्टिअरिंग लावा, नाहीतर निदान गेमपॅड तरी हवाच. कीबोर्डवर चाक पूर्ण वळतं किंवा अजिबात वळत नाही, आणि चराच्या कडेवर गाडी तोलून धरण्यात जी गंमत आहे ती मिळत नाही. दुसरी गोष्ट, पहिल्या फेरीत पुढे जायची घाई करू नका. पुढच्या गाड्या कुठून चाकं नेताहेत ते पाहा, आणि जिथे पाणी साचतंय ती जागा ध्यानात ठेवा. दुसऱ्या फेरीपासून शर्यत तुमची.