‘व्हॅन हेल्सिंग’ आणि गेम बॉय ॲडव्हान्स : पार्श्वभूमी

1897 सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतील व्हॅन हेल्सिंग हा वयस्क डच प्राध्यापक होता. 2004 च्या चित्रपटाने त्याचे पहिले नाव बदलले, वय उतरवले आणि हाती वायूच्या दाबावर चालणारा क्रॉसबो देऊन त्याला राक्षसांच्या मागावर धाडले. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि लांडगामानव यांना एका कथेत आणण्याची कल्पना मात्र जुनीच होती. 2004 चा चित्रपट काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओनेच 1940 च्या दशकात असे चित्रपट काढले होते. या चित्रपटावरचे व्हिडिओ गेम तयार करणाऱ्यांना ही फौज आयतीच मिळाली, कारण असा प्रत्येक राक्षस एखाद्या टप्प्याअखेरचा ‘बॉस’, म्हणजे सर्वांत बलाढ्य शत्रू, म्हणून सहज उभा करता येतो.

गेम बॉय ॲडव्हान्सवरचा गेम उणा पडला तो यंत्राच्या छोट्या पडद्यामुळे, असे म्हटले जाते; पण खरा वादाचा मुद्दा आहे तो तारखेचा. चित्रपट 7 मे 2004 रोजी अमेरिकेत लागणार होता आणि घरच्या, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा व निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या गेम बॉय ॲडव्हान्सवरचा असे दोन्ही गेम त्याच सुमारास दुकानांत असावेत, असे ठरले. जाहिरातीचा खर्च वाचवणारा हा निर्णय हिशेबाला धरून होता, हे मान्य करावे लागेल. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. मोठ्या कन्सोलची डिस्क थोड्या दिवसांत छापून होते, तर गेम बॉयच्या कॅसेटमधील चिप आधी मागणी नोंदवून कारखान्यातून बनवून घ्यावी लागे, आणि त्यामुळे हातातल्या कन्सोलचा गेम तुलनेने लवकर हातावेगळा करणे भाग पडे. शिवाय 240 बाय 160 ठिपक्यांचा पडदा, बाणांखेरीज ए, बी, एल आणि आर एवढीच मुख्य बटणे आणि त्रिमितीसाठी वेगळी सोय नसलेले यंत्र यांमुळे मोठ्या कन्सोलवरचा गेम तसाच्या तसा उतरवणे शक्य नव्हते. तो मुळापासून वेगळा रचावा लागे, आणि खोक्यावर नाव मात्र तेच छापले जाई. आईवडिलांनी तेच नाव पाहून कॅसेट घ्यावी, एवढीच अपेक्षा त्यामागे असावी.

दोष छोट्या पडद्याचा होता, असे म्हणणाऱ्यांनी त्याच यंत्रावरची ‘कॅसलव्हेनिया’ मालिका आठवावी. 2001, 2002 आणि 2003 असे लागोपाठ तीन वर्षे तिचे तीन भाग निघाले, तिन्ही ड्रॅक्युलाच्या किल्ल्यातच घडतात आणि आजही ते आवडीने खेळले जातात. पिशाच्चांची शिकार या यंत्रावर उत्तम रंगते, हे ‘व्हॅन हेल्सिंग’ येण्यापूर्वीच सिद्ध झाले होते. फरक इतकाच की त्या गेमांच्या मानगुटीवर कोणत्याही चित्रपटाची तारीख बसलेली नव्हती.

पुढच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. चित्रपट काढणारा स्टुडिओ आणि गेम विकणारी कंपनी यांचा समूह तोवर एकच होता. मे 2004 मध्येच स्टुडिओ एका अमेरिकी दूरचित्रवाणी कंपनीत विलीन झाला आणि गेमचा व्यवसाय जुन्या फ्रेंच मालकाकडे राहिला. त्याच वर्षाअखेर दोन पडद्यांचा निन्टेन्डो डीएस हा हातातला नवा कन्सोल आला. त्यात गेम बॉय ॲडव्हान्सच्या जुन्या कॅसेटही चालत असल्याने चित्रपटांवरचे असे गेम आणखी काही वर्षे विकले गेले. नंतर मोबाइल फोनवरच्या गेमांनी त्यांची जागा घेतली.