बागेतल्या वाचनालयाचा वाद: पार्श्वभूमी

सोसायट्यांच्या मधल्या आपल्या बागेत वाचनालय बांधायचा प्रस्ताव आहे. ते हवं म्हणणारे सयाजीराव गायकवाडांचं नाव घेतात, आणि नको म्हणणारेही त्यांचंच. बडोद्यात दुसरं काय होणार! तेव्हा तिथूनच सुरुवात केलेली बरी, पण थोडक्यात.

महाराज १९०६ साली अमेरिकेत जाऊन तिथली फुकट वाचनालयं पाहून आले. १९१० मध्ये त्यांनी न्यू हेवनहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात स्वतंत्र ग्रंथालय खातं उभं केलं. बॉर्डन तीनच वर्षं राहिले, पण खात्याची घडी त्यांनी बसवून दिली. राजवाड्यातली पुस्तकं सेंट्रल लायब्ररीत आली, ग्रंथपालांचे प्रशिक्षणवर्ग भरले, लाकडी पेट्यांतून खेड्यापाड्यांत पुस्तकं फिरू लागली. हे सगळं आपल्याकडे शाळेपासून ऐकवलं जातं. आजच्या वादाला लागू पडणाऱ्या दोन गोष्टी मात्र भाषणांत सहसा येत नाहीत.

पहिली जागेची. सेंट्रल लायब्ररी मांडवीपाशी, जुन्या शहराच्या भर गर्दीत आहे. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यावर मजला चढवलेल्या आणि पायाखाली जाड काच, म्हणजे वरचा उजेड झिरपत खालच्या मजल्यापर्यंत पोचावा. कमी जागेत जास्त पुस्तकं मावावीत म्हणून एवढा खटाटोप केलेला दिसतो. दुसरी गोष्ट पैशाची. गावच्या वाचनालयासाठी एक तृतीयांश रक्कम गावाने जमवायची, एक तृतीयांश प्रांत (म्हणजे जिल्हा) पंचायतीने द्यायची आणि उरलेली सरकारने. आधी लोकांनी खिशात हात घालायचा, मग दरबाराकडे पाहायचं. सध्याच्या प्रस्तावात लोकवर्गणीच्या या हिश्शाचा विषय कुणी काढत नाही.

बागेत बांधकामच नको, या विरोधकांच्या म्हणण्याला समर्थक बडोद्याच्या जुन्या कमाटीबागेचं उत्तर देतात. बाग १८७९ ची, आणि १८९४ साली त्याच बागेत म्युझियमची इमारत पूर्ण झाली. मग बागेत बांधकाम नको हा दंडक आला कुठून? शिवाय बेंगळुरूच्या कब्बन पार्कमधल्या लाल इमारतीचा दाखला असतोच. म्हैसूरचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मरणार्थ १९१५ साली खुली झालेली ती वास्तू आज तिथलं राज्य ग्रंथालय आहे आणि तिच्यामुळे बागेचं काही बिघडलेलं नाही. मुद्दा बिनतोड वाटतो, पण कमाटीबाग शंभर एकरांच्या वर आहे आणि कब्बन पार्क तिच्याहूनही मोठा. आपण बोलतो आहोत ती सोसायट्यांच्या मधली टीपीतली, म्हणजे टाऊन प्लॅनिंग स्कीममध्ये (नगररचना योजनेत) राखलेली बाग, जिथे सकाळच्या फेऱ्या मारणारे एकमेकांना दर दोन मिनिटांनी नमस्कार करतात.

खरी मेख टीपीत आहे, म्हणून तिला इथे जास्त जागा.

टाऊन प्लॅनिंग स्कीममध्ये मूळ मालकांच्या जमिनीतून कपात होते आणि त्या कपातीतून सार्वजनिक प्लॉट निघतात. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात त्याची टक्केवारी दिली आहे: रस्त्यांना १५ टक्के, बागा-मैदानं-मोकळ्या जागांना ५, शाळा, दवाखाना, अग्निशमन अशा सामाजिक सुविधांना ५, आणि विकून विकासखर्च भागवण्यासाठी १५. कारणं लेखी नोंदवून हे आकडे कमीजास्त करता येतात. मोकळी जागा आणि सामाजिक सुविधा यांचे रकाने मात्र वेगळे ठेवले आहेत.

वाचनालय कुठल्या रकान्यात? साध्या वाचनाने दुसऱ्या. समर्थक म्हणतात, बागही लोकांची आणि वाचनालयही लोकांचंच, एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकल्यासारखं. विरोधक विचारतात, मग सुविधांच्या ५ टक्क्यांतला प्लॉट गेला कुठे? माझ्या मते संपूर्ण वादात एवढाच प्रश्न कामाचा आहे, आणि सभेत तो विचारला की विषय झाडांवर नेला जातो. किती झाडं जाणार, किती नवी लावणार, यावर तासभर घालवायला सगळे तयार. सुविधांचे प्लॉट वर्षानुवर्षं पत्रे ठोकून पडून असतात, कुठे त्यांचं पार्किंग होतं, आणि वाचनालयाची वेळ आली की नजर जाते ती हिरवळीकडे, कारण ती मोकळी, सपाट आणि हाताशी असते.

आरक्षण बदलायचंच तर कायद्यात वाट आहे. मंजूर स्कीम पुढच्या स्कीमने बदलता येते, पण मग मसुदा, हरकती, टाऊन प्लॅनिंग ऑफिसर, राज्य सरकारची मंजुरी असं सगळं आलं, आणि त्यात वर्षं जातात. म्हणून एक पळवाट चर्चेत असते: वाचनालयाला बागेतलीच एक सोय म्हणायचं, माळ्याची खोली किंवा स्वच्छतागृह असतं तशी. मग आरक्षण जागच्या जागी राहतं आणि बदलाचा प्रश्नच येत नाही. माळ्याच्या खोलीला दोन मजले आणि लिफ्ट लागत नाही, हे कुणीतरी म्हणायला हवं होतं.

विरोधकांचा आवडता निकालही बेंगळुरूचाच. उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय हायकोर्टाने रद्द केला आणि सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये ते कायम ठेवलं. तिथे लाभ खाजगी ट्रस्टचा होता, इथे सार्वजनिक संस्थेचा आहे, हा समर्थकांचा प्रतिवाद चुकीचा नाही. पण राखीव मोकळी जागा म्हणजे कुणालाही वाटून टाकायची शिल्लक नव्हे, हा त्या निकालाचा गाभा दोन्ही ठिकाणी सारखाच लागतो.

अलीकडच्या दोन घडामोडींनी वादाचा रंग बदलला. एक, २०२४ चा ऑगस्ट. विश्वामित्री नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ च्याही वर गेली. शहरभर तळमजले बुडाले. त्यानंतर कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा नाला) कुठे बुजवली, पाणी मुरायला उघडी माती किती उरली, हे प्रश्न पूर्वी ज्यांना त्यात रस नव्हता तेही विचारू लागले. तळमजल्यावर पुस्तकं ठेवायची की नाहीत, हेही.

दुसरी घडामोड वाचकांची. वाचनालय म्हटलं की बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या जुन्या पिढीला मासिकं, दिवाळी अंक आणि घरी न्यायचं एक पुस्तक आठवतं. प्रस्तावाला जोर मिळाला तो स्पर्धा परीक्षांच्या मुलांमुळे. त्यांना पुस्तकं नकोत, ती त्यांच्या बॅगेत आहेत. हवी आहे खुर्ची, पंखा, चार्जिंगचा पॉईंट आणि रात्री उशिरापर्यंत उघडं दार. खाजगी अभ्यासिकांचं महिन्याचं भाडं सगळ्यांना परवडत नाही, ही गरज खोटी नाही. विरोध करणारे आजोबा ती ऐकून घेत नाहीत, हे त्यांचं चुकतंच. २००१ पासून गुजरातेत ग्रंथालयांचा कायदा आहे, पण अभ्यासिका आणि ग्रंथालय यांची सरमिसळ व्हायची ती होतेच.

या सरमिसळीचा थेट परिणाम आराखड्यावर होतो. बाग दुपारी बंद असते आणि रात्री तर नक्कीच. अभ्यासिका रात्री चालवायची म्हणजे तिला रस्त्याच्या बाजूने वेगळं फाटक हवं, त्यासाठी भिंत फोडायला हवी, आणि बाग बंद राहावी म्हणून मध्ये जाळी. मुलं दुचाकीवर येणार, त्या कुठेतरी उभ्या राहणार. इमारतीचं क्षेत्रफळ बागेच्या तुलनेत थोडंच, असं समर्थक सांगतात तेव्हा ते फक्त भिंतींच्या आतलं मोजत असतात. फाटक, जाळी आणि दुचाक्यांची जागा त्या हिशेबात अजून धरलेली नाही, आणि पुढच्या बैठकीत काही मागायचं असेल तर आधी हे सगळं दाखवणारा नकाशा मागावा लागेल.